घरची हळद

शिवाजी पेठेत हंबीररावाला नावं ठेवणारा माणूस शोधून सापडला नसता, आणि सापडलाच असता तर तालमीतल्या पोरांनी त्याची काय गत केली असती ते सांगायला नको. गटारी बांधल्या त्यानं, नळाला पाणी आणलं त्यानं, आणि एकदा दगडफेक सुरू झाली तेव्हा बादशहाच्या बेकरीसमोर काठी घेऊन उभा राहिला तोही हाच. त्याची बायको वैजयंता घरातून नाहीशी झाली होती, पण ती त्याच्या घरातली गोष्ट.

"आपल्याला नळाचं पाणी पायजे. त्याच्या चुलीत कशाला डोकवायचं?" असं प्रभुलिंग गिऱ्हाइकांना ऐकवायचा. पूजेच्या सामानाचं दुकान होतं त्याचं, आणि हंबीररावाचा तो उजवा हात होता.

पंच्याण्णव सालच्या महापालिकेच्या निवडणुकीत वैजयंताची आई बायडाबाई नेसरीहून आली. जावयाच्या प्रत्येक सभेत पुढं येऊन बसायची. बोलायची काही नाही, नुसती बघायची. शेवटच्या सभेत मात्र ती उठली.

"जावईबापू, भाषण ऱ्हाऊ द्या. बेलभंडारा उचला आन सांगा, माझी लेक तुमच्या घरातनं जित्ती, आपल्या पायानं भायेर पडली. मग मी गप गावाकडं जाती."

भावकीचं भांडण असो की मतांचा वायदा, आमच्याकडं बेलभंडारा उचलला की विषय मिटतो. बेलाचं पान आणि देवाच्या पायावरची हळद हातात घेऊन जो खोटं बोलेल त्याच्या घराला कीड लागते, हे पेठेतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. हंबीरराव हसला. उद्या सकाळी देवळासमोर उचलतो म्हणाला. स्टेजवरून उतरताना त्यानं प्रभुलिंगच्या खांद्यावर हात ठेवला.

"भंडारा तुझ्याकडनंच आण की, प्रभू."

हात जरा जास्तच वेळ खांद्यावर राहिला. प्रभुलिंगनं काही विचारलं नाही. शहाणी माणसं अशा वेळी विचारत नाहीत, आणि प्रभुलिंग स्वतःला फार शहाणा समजायचा.

सकाळी त्यानं देवाचा भंडारा होता तिथंच ठेवला आणि शिवलीला, म्हणजे त्याची बायको, पाणी भरायला गेलेली बघून तिच्या मिसळणाच्या डब्यातली हळद वाटीत काढली. आमटीत घालायची हळद. देवाच्या पायाला जी लागलीच नाही, तिच्यावर घेतलेली शपथ कुठल्या देवाला पोचणार? सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही. एवढा कामाचा माणूस एका म्हातारीपायी बुडायला नको, असं तो स्वतःला बजावत देवळाकडं गेला.

हंबीररावानं हळद हातात घेतली आणि खणखणीत आवाजात शपथ घेतली. बायडाबाईनं शेवटचा शब्द ऐकेपर्यंत डोळे मिटले नाहीत. मग हात जोडले.

"मग माझीच लेक वाईट निघाली म्हणायची," असं म्हणून ती एसटी स्टँडकडं चालू लागली. तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत प्रभुलिंग बघत राहिला. पण निकालाच्या दिवशी गुलालात सगळ्यांच्या पुढं नाचत होता तोच.

हंबीररावाला काही म्हणजे काही झालं नाही. साधी शिंकसुद्धा आली नाही. झालं ते प्रभुलिंगच्या घरात.

आमटी पांढरी व्हायला लागली. शिवलीला हळद घालायची आणि ताटात यायचं ते पांढरंफटक वरण. एकदा तो स्वतः चुलीपाशी उभा राहून बघत होता. चमचाभर हळद पातेल्यात पडली आणि मीठ विरघळावं तशी दिसेनाशी झाली. सांगलीहून नवी हळद आणली, तिचंही तेच. घराला कीड लागते म्हणतात, ती आपल्याच घराला लागली की काय? शिवलीलाला काही झालं तर? जगात डोळे झाकून त्याच्यावर विश्वास ठेवणारं तेवढंच एक माणूस होतं.

एका शुक्रवारी तिन्हीसांजेला तो घरी आला तर स्वयंपाकघरात शिवलीला कुणाशी तरी बोलत होती.

"कोण आलंय?" त्यानं सोप्यातूनच विचारलं.

"वैजावहिनी. हळदीकुंकवाला आल्यात."

दूध आलंय म्हणावं तितक्या सहज ती म्हणाली. प्रभुलिंग आत गेला. पाट मांडलेला होता. पाटासमोर चहाचा कप होता, वाफ येत होती. पाटावर कुणी नव्हतं. फक्त पाटाच्या वर, बसलेल्या बाईचं कपाळ यावं तेवढ्या उंचीवर, हळदीचं एक बोट हवेत उमटलेलं होतं.

मग ते वळलं, त्याच्याकडं.

प्रभुलिंगनं दाराची चौकट धरली.

"लई दिस झालं, येत्यात," शिवलीला बोटाची हळद पदराला पुसत म्हणाली. "त्यांच्या नावाची शपथ आपल्या घरच्या हळदीवर घेतली म्हणं. मग दुसरीकडं कुठं जाणार त्या? एकच इचारत्यात, तुमाला ठावं हुतं का?"

"न्हाय! तुझ्या गळ्याशपथ न्हाय! मी काय बघितलंय व्हय? त्यो मला कधी काय बोलला न्हाय, मी कधी इचारलं न्हाय."

आणि ते अक्षरन् अक्षर खरं होतं. बोलता बोलता त्याला धीर आला, छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

शिवलीलानं पाटाकडं कान केला. काहीतरी ऐकलं, मान हलवली. मग ती नवऱ्याकडं बघत राहिली.

"ठावं नव्हतं, तर हळद का बदलली?"

प्रभुलिंगची नजर मिसळणाच्या डब्याकडं गेली. शिवलीलानं भिंतीला टेकवलेला दुसरा पाट घेतला, पहिल्याच्या शेजारी मांडला आणि त्याच्याकडं पाठ करून त्या बाईजवळ बसली.