करडईचा गुलाबी

"चौथ्यांदा बुडवतेयस. अजून किती?" छुनजाने दारातूनच विचारलं.

"सहा वेळा तरी," म्हणत बोंगसुनने रेशीम पुन्हा रंगात सोडलं. करडईच्या फुलांमधलं पिवळं पाणी आधी धुऊन टाकायचं, मग राखेच्या पाण्यात लाल उतरवायचं. एवढं करूनही पहिल्या बुडीत कापड जेमतेम गुलाबी होतं.

छुनजा शेजारच्या दुकानात लग्नाचे पोशाख शिवते. नाजू शहराच्या बाजारात तिच्याइतकी सुबक शिलाई कुणाची नाही, आणि तिच्याइतकी सैल जीभही नाही.

"पेटीत तो निळा घागरा पडलाय ना? न नेसलेला. तोच लालात बुडवायचास. नवीन रेशीम कशाला?"

"जांभळा होईल. निळ्यावर काहीही चढव, निळं जात नाही."

छुनजाने विषय तिथेच सोडला. असं सहसा होत नाही.

तो घागरा बोंगसुनने पाच वर्षांपूर्वी आपल्या मुलाच्या, मिनग्यूच्या लग्नासाठी रंगवला होता. लग्नात मुलाच्या आईने निळा नेसायचा, मुलीच्या आईने गुलाबी. दोघींनी जोडीने पुढे जाऊन मुलाकडची निळी आणि मुलीकडची लाल मेणबत्ती लावायची, की लग्न सुरू. बोंगसुनने स्वयंपाकघरात, कुणी नसताना, त्याची तालीमसुद्धा केली होती. लग्नाला बावीस दिवस उरले असताना मिनग्यूची मोटारसायकल धुक्यात ट्रकखाली गेली. निळीचा रांजण रोज ढवळावा लागतो, आंबवण टिकावं म्हणून त्याला कोंडा खाऊ घालावा लागतो. तिने तो तसाच नासू दिला. निळ्याने जीव शांत होतो, असं ती गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं सांगत आली होती.

बोमी मात्र येत राहिली. तिचंच लग्न मिनग्यूशी व्हायचं होतं. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे तिने बोंगसुनला आई म्हणायला लग्नाची वाट पाहिली नव्हती. दर शरदात मिनग्यूच्या थडग्यावरचं गवत काढायला दोघी बरोबर जायच्या. गेल्या महिन्यात ती पेअरची पेटी घेऊन आली आणि कितीतरी वेळ पेटीच्या दोरीशी चाळा करत बसली.

"आई, माझं लग्न ठरलंय."

"बरं झालं गं."

"माझ्या आईच्या खुर्चीवर तुम्ही बसाल?"

"तिथे गुलाबी लागतो. माझा निळा आहे."

"माहीत आहे मला." बोमीला रडू फुटलं. "तुम्ही नाही म्हणालात तर खुर्ची रिकामी ठेवीन. दुसऱ्या कुणाला नाही बसवणार."

 दोन दिवस बोंगसुनचा नुसता संताप झाला. आपल्या मुलाची बायको आपणच दुसऱ्याच्या हवाली करायची, तीही नटून? तिसऱ्या दिवशी ती करडईची फुलं घेऊन आली.

आता तिने रंगावरची नजर काढून भिंतीवरच्या राखाडी कापडावर ठेवली.

"हे तुझं काय असतं गं मधूनमधून?" छुनजाने विचारलं.

"डोळ्यांना विसावा. लाल फार वेळ पाहिलं की पांढऱ्यावर निळसर सावली दिसते. मग रंगाचा अंदाज चुकतो."

"मला बाई नवऱ्याकडे फार वेळ पाहिलं की भिंतीवरही तोच दिसतो."

बोंगसुन हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

लग्नाच्या दिवशी सभागृहातल्या बाईंनी दोनदा हाक मारली, "नवरीच्या आई, या." तीस वर्षं सगळा बाजार तिला मिनग्यूची आई म्हणत आला होता. ही हाक आपल्याला आहे हे तिला पटकन कळलंच नाही.

नवऱ्या मुलाची आई मोक्पो बंदराकडची, अंगाने भरलेली, निळ्या पोशाखात घामाघूम झालेली. दोघी हातात हात घालून पुढे गेल्या. बोंगसुनने ज्योत पेटवली, आणि तिचा हात सरळ निळ्या मेणबत्तीकडे गेला. स्वयंपाकघरातल्या तालमीत गेला होता तसाच, जराही न अडखळता.

"ताई," ती बाई अगदी हळू म्हणाली, "ती माझी."

बोंगसुनचा हात हवेतच राहिला. मागे दोनशे माणसं बसली होती. त्या बाईने तिच्या मनगटाखाली आपला हात धरला आणि तो अलगद लाल मेणबत्तीपर्यंत नेला. बोमीने तिला सगळं सांगितलं असणार. वात पेटेपर्यंत तिने हात सोडला नाही.

मग बोंगसुन खुर्चीवर बसली. शपथा झाल्या, कुणी तरी गायलं, तिला काही ऐकू आलं नाही. ती एकटक त्या लाल मेणबत्तीकडे पाहत राहिली. राखाडी कापड आज बरोबर नव्हतं, आणि तिला ते नकोच होतं.

नवरा-नवरी वाकून नमस्कार करायला समोर येऊन उभी राहिली, तेव्हा तिने नजर उचलून बोमीच्या पांढऱ्या पोशाखावर ठेवली. तिथे बोमीच्या अगदी जवळ एक निळसर मेणबत्ती उभी होती. बोंगसुनने जमेल तितका वेळ पापणी लवू दिली नाही. निळं हळूहळू विरत गेलं, मग पांढरं तेवढं उरलं.

"सुखी राहा गं," ती म्हणाली.