नारिंगी फिती

सोल्वेगने झाडांना फिती बांधल्या त्या अगदी शाळेतल्या शिस्तीने. सारख्या अंतरावर, एका रेषेत, प्रत्येक गाठ खांद्याच्या उंचीवर. नोकरी संपली तरी मास्तरकी संपत नाही.

रेनडियर पाळणारा आन्ते शेकोटीपाशी कॉफी उकळत बसला होता. "बाई, पोरांची शर्यत लावताय काय?"

"वनखात्याचा साहेब येणार आहे. सडकेपासून थेट जुन्या झाडांपर्यंत पोचला पाहिजे. वाट चुकलो म्हणायला नको."

"आधी येऊ तर दे."

डोंगरावरचे ते जंगल कागद कंपनीला हवे होते. आन्तेला ते रेनडियरसाठी हवे होते. हिवाळा सरता सरता बर्फावर कडक थर धरला की जनावरांना खालचे काही उकरता येत नाही. मग जुन्या झाडांवरून लोंबणारे काळे दगडफूल, तेवढाच आधार. कंपनी नवी रोपे लावते खरी, पण त्यांच्यावर दगडफूल धरेपर्यंत आन्तेची नातवंडेही म्हातारी होतील. हे सोल्वेगने सभांमध्ये घसा बसेपर्यंत सांगितले. दर सभेत लोक माना डोलवत, दालचिनीचा पाव खात आणि पुढची सभा ठरवून घरी जात. अखेर एवढेच पदरात पडले की जंगल राखायचे की नाही हे साहेब पाहून ठरवेपर्यंत कंपनी फक्त खालचा उतार कापेल, जुन्या झाडांच्या मधल्या जंगलाला हात लावणार नाही.

साहेब आधी आजारी पडला. मग रजेवर गेला. मग म्हणाला, बर्फ फार आहे.

मार्चमध्ये एका सकाळी यंत्राचा आवाज वरून आला. वरून, हे लक्षात येताच सोल्वेग स्की चढवून धावली. मधल्या जंगलातून सडकेएवढा रुंद पट्टा साफ झाला होता आणि दोन्ही अंगांची झाडे आडवी पडली होती. चालकाने यंत्र बंद करून दार उघडले. बिचारा तरुण होता आणि सभ्यही.

"इथं कापायचं नाही असं ठरलंय," ती ओरडली.

"पण फिती होत्या ना. नारिंगी फितींची रांग म्हणजे यंत्राचा रस्ता. इतकी सरळ रांग तर मी अजून पाहिली नव्हती."

हे या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. सोल्वेगलाही ठाऊक होते. पण साहेबाच्या नजरेत भरेल असा दुकानात तोच एक रंग होता, आणि तिला त्या वेळी साहेबाखेरीज दुसरे काही दिसतच नव्हते. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावेसे वाटले.

कंपनीचा यॉरान तासाभरात आला. "दोन्हीकडून गैरसमज झाला म्हणायचा," असे तो समजुतीने म्हणाला. साहेबाचा फोन मात्र आज पहिल्या फटक्यात लागला. मधलेच गेले असेल तर उरलेले राखण्यात अर्थ नाही, असे त्याने सांगितले. एवढ्या निकालासाठी त्याला डोंगर चढावा लागला नाही.

तेवढ्यात सकाळी यंत्राचा आवाज ऐकून निघालेले रेनडियर आले; झाड पडले की दगडफूल तोंडाशी येते हे त्यांना ठाऊक होते. उपाशी होते. आडव्या पडलेल्या शेंड्यांवर तुटून पडले, काळे दगडफूल ओरबाडून खाऊ लागले. यॉरानने मोबाइल काढला. "बघा, यांची कशी चंगळ चाललीय. हा फोटो पुढच्या सभेत दाखवायला हवा."

 सोल्वेगने आन्तेकडे पाहिले. कळपामागून चालत आलेल्या आन्तेने यॉरानकडे पाहिलेही नाही.

"आन्ते, चूक माझी आहे. हाकल त्यांना इथून. निदान फोटो तरी मिळायला नको."

"खाऊ दे, बाई," तो म्हणाला. "पुढच्या हिवाळ्यातलंही आजच खातायत."