वीस वल्ही, बत्तीस धक्के

मणलाडी गावाला पाण्याची काय कमी! पुढच्या दारात कालवा, मागच्या दारात कालवा, त्यापलीकडे दुसरा काठ दिसू नये एवढं सरोवर. फक्त त्यातला एक घोटही घशाखाली घालण्याच्या लायकीचा नाही. पिण्याचं पाणी पंचायतीच्या होडीतून येतं आणि ती होडी आपल्या मर्जीने येते. नाही आली की लोक कालव्याच्याच पाण्यात तुरटी फिरवतात, उकळतात, देवाचं नाव घेतात आणि पितात. जिन्सीची धाकटी बहीण नीतू असंच पाणी पिऊन एका वर्षात दोनदा काविळीने आडवी झाली. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी आईला स्पष्टच सांगितलं, हिला तिसऱ्यांदा इथे आणायची वेळ येऊ देऊ नका.

त्या दिवसापासून बारावीतली जिन्सी हात धुऊन एकाच गोष्टीच्या मागे लागली. शाळेच्या धक्क्यावर पाणी शुद्ध करायचं यंत्र बसलं पाहिजे. शेड पंचायत द्यायला तयार होती, वीज शाळा देणार होती. यंत्राचे पैसे मात्र कुणीच देणार नव्हतं.

मग तिनेच तोड काढली. गाव ज्यांना चेट्टा, म्हणजे थोरले दादा, म्हणतं त्या कुंजच्चन चेट्टांची शर्यतीची लांब होडी उन्हाळाभर छपराखाली नुसती पडून असते. ती घेऊन विद्यार्थ्यांनी एका दिवसात अख्खा टापू वल्हवत फिरून यायचं. वाटेत बत्तीस धक्के लागतात. प्रत्येक धक्क्यावरच्या घरांनी आणि आखातात गेलेल्या त्यांच्या मुलांनी आपापली रक्कम आधी कबूल करायची. लोकांनी कबूल केली, पण हसतहसत. निम्म्या वाटेत उतरतील, मोटरबोटीने परत येतील आणि वर फोटो काढतील, असं चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं. ते जिन्सीला झोंबलं. तिने पावत्यांवर अटच छापून घेतली: वीस वल्ही निघतील आणि वीसही वल्ही वल्हवत, सूर्य मावळायच्या आत परत येतील. तसं झालं नाही तर एक रुपयाही देऊ नये.

"पोरी, अट घालताना जीभ जरा आवरायची असते," कुंजच्चन चेट्टा म्हणाले. पण होडी दिली, आणि पावत्यांचं पुस्तकही स्वतःकडे ठेवून घेतलं.

तीन महिने बांधावरून धावणं, दोरीवरच्या उड्या, जोर आणि बैठका. पीटीच्या सरांनी पोरांचा घाम काढला. अकराव्या जागेवरच्या तुषाराला सुरुवातीला तीन जोर निघत नव्हते. तिला वगळा, असं श्रीरागने उघडच सुचवलं होतं. श्रीराग म्हणजे सगळ्यात दांडगा, पहिल्या वल्ह्याचा मानकरी. फेब्रुवारी उजाडेपर्यंत तुषारा तीस जोर काढायला लागली होती.

जिन्सीच्या हातात वल्हं नव्हतं. होडीच्या मधोमध उभं राहून सोट्याने फळीवर ठोके द्यायचे, हे तिचं काम. ठोका जसा पडेल तशी वीस वल्ही पाण्यात पडतात. तिचे वडील शर्यतीत हेच करायचे आणि आजोबाही. निघताना तिने सगळ्यांना बजावलं की आज शर्यत नाही. आज कुणाशीही नाही.

अठरा धक्के असे गेले की बघत राहावं. एकोणिसाव्याच्या पुढे मागून ठोके ऐकू आले. पलीकडच्या काठावरच्या क्लबची होडी होती, त्यांच्या देवळाच्या उत्सवातल्या शर्यतीचा सराव करत निघालेली. ती बरोबरीला आली आणि त्यांचा म्होरक्या अगदी गोड आवाजात म्हणाला, "शाळेची सहल का गं? डबे आणलेत ना सगळ्यांनी?"

बाहेरच्या माणसाने हसून सोडून दिलं असतं. पण या पाण्यावर जन्मलेल्या माणसाच्या शेजारून होडी पुढे जाऊ लागली की त्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही. त्याला वयाचा, शिक्षणाचा किंवा चांगल्या कामाचा काही उपयोग होत नाही. जिन्सीचा सोटा कधी भराभर पडायला लागला ते तिचं तिलाच कळलं नाही. पोरं तर वाटच बघत होती. पुढच्या पुलापर्यंत दोन्ही होड्या पाणी फाडत गेल्या आणि मणलाडीची होडी हातभर पुढे निघाली. पुलावरच्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. श्रीरागने वल्हं उभं धरून आरोळी ठोकली. जिन्सीही हसत होती, आणि ते आठवून तिला नंतर कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

पंचविसाव्या धक्क्यापर्यंत सगळ्यांचे हात शिशासारखे झाले. दुपारचा पश्चिमेचा वारा तोंडावर आला. सव्विसाव्यापाशी तुषाराचं वल्हं थांबलं. तिचा उजवा खांदा धरला होता, बोटं मिटत नव्हती, आणि ती आवाज न करता रडत होती.

"तिला आडवी होऊ दे," श्रीराग हळूच म्हणाला. "एकोणीस जण अंधाराच्या आत आरामात पोचू. धक्क्याजवळ आलो की उठून बसेल. कुणाला कळणारे?"

खरंच, कुणालाही कळलं नसतं. जिन्सीने सूर्याकडे पाहिलं. तिला नीतूचे पिवळे डोळे आठवले आणि एक क्षण तिला वाटलं, हो म्हणावं. यंत्र आलं म्हणजे झालं. पण अट तिने स्वतः छापून घेतली होती, आणि आजची माती श्रीरागने किंवा तुषाराने नव्हे, तिच्या हातातल्या सोट्याने केली होती.

"होडी लावा धक्क्याला," ती म्हणाली. "तुषारा वल्हवेल तेव्हा निघू."

तिथल्या एका बाईने खोबरेल कोमट करून तुषाराचा खांदा चोळला, मीठ घालून पेज पाजली. जिन्सीच्या हातात सोटा होता आणि सूर्य डोळ्यांदेखत खाली उतरत होता. तासाभराने तुषाराने बोटं मिटून पाहिली आणि होडीत जाऊन बसली. पुढचे सहा धक्के जिन्सीने तुषाराच्या खांद्याकडे बघत ठोके दिले. तो उचलला जाईल तेव्हा ठोका, नाहीतर नाही. एवढं सावकाश कसं वल्हवायचं, हे त्या पोरांना कुणी शिकवलेलंच नव्हतं.

शाळेचा धक्का आला तेव्हा सूर्य बुडाला होता. गाव कंदील आणि मोबाइलचे दिवे घेऊन जमलं होतं, लोक टाळ्या वाजवत होते. आई नीतूचा हात धरून पुढेच उभी होती. कुंजच्चन चेट्टांनी पावत्यांचं पुस्तक उघडलं आणि म्हणाले की अर्ध्यापाऊण तासाचं काय धरून बसायचं, लोक समजून घेतील.

"नाही चेट्टा," जिन्सी म्हणाली. "आम्हाला वाऱ्याने उशीर नाही झाला. मी शर्यत लावली. पुलापर्यंत."

टाळ्या थांबल्या. कुणीतरी मागे हसलं, पण त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती. शर्यत न लावणारा एकही जण त्या धक्क्यावर नव्हता.

"मग आता?" चेट्टांनी विचारलं.

"उद्या परत जातो. पहिल्या धक्क्यापासून." हे बोलताना तिला मागे वळून पोरांकडे बघायचा धीर झाला नाही. त्यांच्या तळहातांची सालं निघाली होती हे तिला माहीत होतं. होडीत दोघातिघांनी तळहात पाण्यात बुडवले.

मग अकराव्या जागेवरून तुषाराने विचारलं, "किती वाजता?"

सकाळी साडेपाचला वीसच्या वीस जण हाताला फडकी गुंडाळून हजर होते. सगळ्यांच्या आधी श्रीराग आला होता आणि होडीतलं पाणी उपसत बसला होता. एकोणिसाव्या धक्क्यापुढे ती होडी पुन्हा आलीच. बातमी तिकडेही पोचली होती, त्यामुळे आज टोमणेही ताजे होते. वीस माना जिन्सीकडे वळल्या. तिने सोटा घट्ट धरला आणि ठोका आणखी संथ केला. ती होडी शिट्ट्या मारत पुढे निघून गेली. श्रीरागच्या डोळ्यांत पाणी आलं, शिवी ओठांपर्यंत आली, पण त्याचं वल्हं ठोक्याबरोबरच पडलं. फडक्यांतल्या तळहातांपेक्षा ती होडी पुढे जाऊ देणं पोरांना जास्त दुखलं.

ते परतले तेव्हा चार वाजत होते आणि सूर्य नारळांच्या बराच वर होता. आज टाळ्यांना कुणी घाई केली नाही. कुंजच्चन चेट्टा धक्क्याच्या कडेला वाकून उभे राहिले आणि पाण्यात पडणारी वल्ही एकेक करत बोटांवर मोजू लागले. अकरावं वल्हं इतरांच्या किंचित मागून पडत होतं. त्यांनी तेही मोजलं.