दार बंद, सरासरी

मामांनी एकतीस वर्षं पाणीखात्यात मीटर वाचले आणि निवृत्त झाल्यावर माणसं वाचायला घेतली. दोन्हींत फारसा फरक नाही, असं त्यांचं मत. काचेवरची धूळ पुसायची, आकडा घ्यायचा, पुढच्या दारी जायचं. माणसाच्या बाबतीत धूळ पुसायची म्हणजे दोन इकडतिकडचे प्रश्न विचारायचे, एवढंच. चहा विचारणारा पक्का. "बघू या" म्हणणारा अर्धा. आणि दार उघडताक्षणी "तुम्हालाच देणार हो, काळजीच सोडा" म्हणणारा हमखास समोरच्या पार्टीचा. अशा हिशेबानं मामांनी आख्खा मतदारसंघ एका जाड वहीत उतरवला होता. खूण तीनच प्रकारची: बरोबर, ठिपका, फुली.

वही होती भाचीसाठी. भाची सत्तावीस वर्षांची, लिफ्ट दुरुस्त करणारी. कमरेला हत्यारांचा पट्टा, केस घट्ट बांधलेले, बोलणं त्याहून घट्ट. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला ती कधी "घाबरू नका" म्हणायची नाही. "मी खाली आहे, आत किती जण आहात, नीट मोजून सांगा," म्हणायची. मोजता मोजता माणूस घाबरायचा विसरतो. गेल्या वर्षी जुन्या लिफ्टांची तपासणी कोणी करत नाही म्हणून ती सरकारी कचेरीच्या बाकावर अकरा दिवस जाऊन बसली. बाराव्या दिवशी साहेबांनी कंटाळून तपासणीचा हुकूम काढला. तेव्हापासून सगळे तिला लिफ्टवाली म्हणायला लागले, आणि कोणीतरी थट्टेत म्हणालं, "आता विधानसभेलाच उभी राहा." थट्टा करणाऱ्याला माहीत नव्हतं, ही पोरगी थट्टा ऐकून घेते आणि जाऊन अर्ज आणते.

समोर होते तीनदा निवडून आलेले आमदार. लढत सरळ. अडचण एकच होती, कंपनीचा नियम: निवडणूक लढवायची तर आधी राजीनामा.

तेव्हा भाचीनं विचारलं होतं, "मामा, गोड बोलू नका. येईन का?"

मामांनी सोळा कार्यकर्ते घेऊन दोन महिने दारं वाजवली होती. त्यांनी वही मिटली. "चारशे मतांनी."

भाचीची आई, म्हणजे मामांची ताई, दवाखान्यात हेडनर्स होती. तिनं भावाकडे नुसतं पाहिलं. तिच्या त्या नजरेनं भलेभले डॉक्टर हात धुवायला पळत. "तुझ्या शब्दावर पोर लागलेली नोकरी सोडतेय, लक्षात आहे ना?"

"माझी जबाबदारी, ताई."

राजीनामा गेला. तिच्या जागी कंपनीनं आठवड्यात दुसरा माणूस घेतलासुद्धा.

मतदानाला चार दिवस उरले, त्या गुरुवारी दुपारी कचेरीत बैठक बसली. कचेरी म्हणजे बंद पडलेलं चष्म्याचं दुकान. भिंतीवर अजून लहानमोठ्या अक्षरांचा तक्ता लटकत होता, आणि त्याच्याशेजारी मतदारसंघाचा नकाशा. भाचीनं पेन्सिलीनं नदीपलीकडच्या बारा इमारतींभोवती गोल काढला आणि त्यावर काट मारली.

"इथं जायला नको. मामांच्या वहीत शंभरात साठ आपले आहेत. शेवटचे दिवस बाजारपेठेला देऊ, तिथं ठिपके फार आहेत."

सगळ्यांनी माना हलवल्या. मामांनीही हलवली, पण वही हळूच स्वतःकडे ओढून घेतली.

कारण असं. त्या बारा इमारतींत काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यातले कामगार राहत. भट्टी कधी विझत नाही, म्हणून कारखान्यात तीन पाळ्या. सहाशे घरांपैकी उघडी सापडली चोपन्न. बाकीच्यांना कुलूप तरी किंवा आतून कडी. आता बंद दारापुढे मीटर रीडर काय करतो? तो परत फिरत नाही. शेरा मारतो, "दार बंद, सरासरी," आणि आजूबाजूच्या घरांवरून एक आकडा टाकून देतो. एकतीस वर्षांत मामांच्या या शेऱ्यावर कोणी हरकत घेतली नव्हती. हात आपोआपच चालला. शेजारच्या वस्तीत शंभरात साठ होते, म्हणून इथंही साठ. शिवाय मन खाऊ नये म्हणून त्यांनी प्रचाराच्या टेम्पोला बजावलं होतं: त्या बाजूला दिवसातून दोन फेऱ्या, सकाळी दहा आणि दुपारी एक, भोंगा मोठ्यात मोठा. दारं उघडत नाहीत तर निदान कानांत तरी शिरू.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला मामा एकटेच तिकडे गेले. कोणाला न सांगता खरं रीडिंग घ्यावं, असा बेत. रात्रपाळी सुटली होती. पहिल्या इमारतीच्या पायरीवर एक बाई चपलेतला खडा काढत बसली होती. कारखान्यात ती उजेडाच्या पडद्यापुढून सरकणाऱ्या बाटल्यांतल्या तडकलेल्या निवडायची. डोळे लालभडक झाले होते.

"बाई, यंदा इकडे वारं कोणाचं?" मामांनी धूळ पुसली.

"उभं कोण आहे?"

"ती आपली लिफ्टवाली आहे की."

"कोण लिफ्टवाली? आमच्याकडे लिफ्ट कुठाय, काका? चार मजले पायानं चढतो आम्ही."

मामांनी वर पाहिलं. चार मजले, अरुंद जिना, बाराच्या बारा इमारती तशाच. ज्या शेजारच्या वस्तीवरून त्यांनी सरासरी काढली होती, तिथं दर इमारतीत लिफ्ट होती. भाचीनं स्वतःच्या हातांनी चालू ठेवलेली. मीटर एका घरचा, आकडा दुसऱ्याच घरचा.

त्यांनी घसा खाकरून भाचीचं खरं नाव सांगितलं.

बाईच्या कपाळावर आठी चढली. "ती होय! रोज दहाला आणि एकला बोंबलत येते ती? अहो, डोळा लागतो न लागतो तोच दारात हजर! आमचे हे तर म्हणतात, हिला पाडायला मी रजा टाकून जाईन."

"आणि आमदार?"

"त्यांचा टेम्पो संध्याकाळी एकदाच येतो. माणूस कसाही असो, झोपू तरी देतो."

मामा परत निघाले ते रिक्षा न करता. चालताना त्यांनी मनातल्या मनात बेरीज पुसून पुन्हा केली. त्या इमारतींची आघाडी चारशेऐंशीची धरली होती. ती काढली, की भाची चारशेंनी पुढे नव्हती. ऐंशीनं मागे होती. ही गोष्ट जगात त्यांच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती. गप्प बसले असते तर हरल्यावर लोकांनी आमदारांना शिव्या घातल्या असत्या, मतदान यंत्राला घातल्या असत्या. वहीला कोणी बोल लावला नसता. हा विचार त्यांनी पुलाच्या मध्यापर्यंत केला. मध्यानंतर त्यांना स्वतःचीच लाज वाटायला लागली.

कचेरीत भाची उभ्याउभ्या बिस्किटं खात होती. ताई कार्यकर्त्यांची यादी लावत बसली होती. मामांनी वही टेबलावर ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

भाचीनं बिस्कीट खाली ठेवलं. "किती घरं उघडली होती?"

"चोपन्न."

"सहाशेपैकी?"

"सहाशेपैकी."

"म्हणजे नाडी न बघता चार्ट भरलास," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "माझ्या वॉर्डात असं करणारीला मी त्याच दिवशी घरी पाठवलं होतं." एवढं बोलून तिनं तोंड फिरवलं, ते फिरवलंच. त्यानंतर भावाशी ती बोलायची ती कार्यकर्त्यांमार्फत: "त्यांना सांग, खुर्चीवरून उठा, झाडायचंय."

भाची मात्र रागावली नाही. निदान रागावायला थांबली नाही. आधी फोन लावला तो टेम्पोवाल्याला. "नदीपलीकडे जायचं नाही. आज नाही, उद्या नाही, मी सांगेपर्यंत नाही. हो, पैसे पूर्ण मिळतील, भोंगा बंद ठेवायचे."

मामांनी चाचरत सुचवलं, "मी म्हणतो, एकदाच टेम्पो नेऊन झाल्या प्रकाराची माफी मागितली तर?"

"भोंग्यावरून?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. ताईच्याही ओठाचा कोपरा हलला, पण तिनं तो लगेच जागेवर आणला.

"मामा, तुम्ही चला माझ्याबरोबर," भाची म्हणाली. "सकाळची पाळी दुपारी अडीचला सुटते. पाळी सुटताना लोक जागे असतात, तेव्हाच गाठायचं. आणि कोणाचंही दार वाजवायचं नाही. जिन्यात उभं राहायचं, जो येईल त्याच्याशी बोलायचं."

शुक्रवारची दुपार, शनिवारी दोन पाळ्या, रविवारी दोन पाळ्या. बारा जिने. इतकी वर्षं लिफ्टच्या दोरांवर लोंबकळलेल्या भाचीला चढण्याचं काहीच नव्हतं. मामांच्या गुडघ्यांनी मात्र प्रत्येक मजल्याला नावं ठेवली. भाचीची सुरुवात ठरलेली होती.

"नमस्कार. ती दहाला आणि एकला ओरडणारी मीच."

लोक आधी दचकायचे, मग कोणी हसायचं, कोणी तोंडसुख घ्यायचं. ती ऐकून घ्यायची. तोंडसुख घेऊन झालेला माणूस चार पायऱ्या चढून जातो आणि हटकून वळून बघतो, हे मामांनी या तीन दिवसांत नव्यानं टिपलं.

शनिवारी सकाळी ती लाल डोळ्यांची बाई भेटली. तिनं भाचीला आपादमस्तक न्याहाळलं. "तूच का ती? कालपासून आवाज नाही आला."

"येणार पण नाही."

"मग आता काय, आम्हाला लिफ्ट बसवून देणार?"

"नाही. या जिन्यात बसत नाही, मोजून बघितलं मी. खोटं कशाला सांगू?"

बाईला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. ती चपला हातात घेऊन तशीच उभी राहिली. "मग काय देणार?"

"आत्ता झोप देते. बाकीचं तुम्ही सांगा."

बाई खरंच सांगायला लागली. सरकारी दवाखाना नऊ ते बारा उघडा. नऊ ते बारा रात्रपाळीवाले झोपलेले, सकाळपाळीवाले कारखान्यात. पोराला ताप आला तर एकाची झोप जाते नाहीतर एकाचा दिवस जातो. जिन्यात आणखी चारपाच जण जमले, प्रत्येकाकडे हाच पाढा.

"संध्याकाळी दवाखाना उघडा ठेवायचा हुकूम राज्य सरकारचा लागतो," भाची म्हणाली. "निवडून आले तर पहिलं काम हेच."

"सगळे असंच म्हणतात," मागून एकजण म्हणाला.

"म्हणू दे की. सरकारी कचेरीच्या बाकावर अकरा दिवस बसलेलं त्यांच्यातलं कोण आहे? मी बसलेय. अजून बसेन."

ती हे फुशारकीनं बोलली नाही. हातातला पाना अमुक मापाचा आहे, असं सांगावं तसं बोलली. बाईनं चहा विचारला नाही, "तुम्हालाच देणार" म्हणाली नाही, "बघू" सुद्धा म्हणाली नाही. नुसती वर गेली. मामांनी पेन काढलं, थोडा वेळ धरलं आणि खिशात ठेवून दिलं. या बाईपुढे कुठलीच खूण बसत नव्हती.

सोमवारी मतदान झालं. सकाळी सातला रात्रपाळीवाले डबे हातात घेऊन थेट रांगेत उभे होते, जांभया देत. ते राग काढायला आलेत की मत द्यायला, हे मामांनी तोंडावरून ओळखायचा प्रयत्नच केला नाही.

बुधवारी मोजणी. शाळेच्या सभागृहात लांब टेबलं, जाळीपलीकडे दोन्ही बाजूंची माणसं. आमदारांच्या बाजूनं आकडे लिहायला औषधाच्या दुकानाचा मालक बसला होता. मोठा खोचक माणूस. दुपारपर्यंत भाची एकशेतीस मतांनी मागे, आणि उरली होती फक्त बारा इमारतींची दोन केंद्रं.

"काय मामा, तुमची वही काय म्हणते?" औषधवाल्यानं डिवचलं.

"इथलं रीडिंग घेतलेलंच नाही," मामा म्हणाले. एकतीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडलं.

औषधवाला हसला. "आम्ही घेतलंय. पेढे आणि हारसुद्धा सांगून ठेवलेत."

पहिलं केंद्र जाहीर झालं: भाची आणखी चाळीसनं मागे. एकशेसत्तर. मामा जाळीच्या अलीकडच्या टोकाला होते. ताई पलीकडच्या टोकाला ताठ उभी होती. भाची मात्र त्या दोघांच्या मधोमध खुर्चीत बसून बुटाची नाडी पुन्हा बांधत होती.

"घाबरलीस?" मामांनी हळूच विचारलं.

"एक केंद्र राहिलंय, मामा. ते मोजू दे."

ते मोजलं गेलं. अधिकाऱ्यानं चष्मा वर केला, आकडा एकदा स्वतःशी वाचला, मग मोठ्यानं. भाचीला चारशे अठ्ठ्याण्णव. आमदारांना दोनशे सहासष्ट. औषधवाल्यानं वजाबाकी कागदावर केली, मामांनी तोंडी. दोनशेबत्तीसमधून एकशेसत्तर गेले.

बासष्ट.

दुसऱ्यांदा मोजणी मागितली गेली. तासभर गेला. आकडा तोच राहिला.

मग एकच कल्ला उडाला. कार्यकर्ते भाचीला खांद्यावर घ्यायला धावले. तिनं बोट दाखवून सगळ्यांना खाली बसवलं आणि सही करायला टेबलाकडे गेली. मामा जाळीपाशीच उभे राहिले. बासष्ट मतांत त्यांच्यामुळे आलेली किती आणि त्यांच्या चुकीला न जुमानता आलेली किती, हे कुठल्याच वहीत निघणार नव्हतं. बंद दारांच्या आकड्यावर त्यांनी पोरीला राजीनामा द्यायला लावला होता. तो निभावला तो पोरीच्याच पायांनी, तीन दिवस जिने चढून.

पाठीमागून ताईचा आवाज आला, थेट, मधे कार्यकर्ता न घालता.

"उभा काय राहिलास खांबासारखा? सकाळपासून पोरीच्या पोटात अन्नाचा कण नाही. जा, काहीतरी घेऊन ये तिला. आणि तूही खा, तोंड बघ केवढंसं झालंय."