गोगलच्या मोटरला लागलेला हात

निवृत्त झाल्यावरही बाई दर शनिवारी शाळेत येत. मागच्या बाजूच्या, मोडकी बाकं ठेवायच्या खोलीत सहावी-सातवीच्या मुलींसाठी त्यांचा विज्ञानाचा वर्ग चाले. पुस्तक उघडायचं नाही, वस्तू करायची. नियम एकच होता. दुसऱ्या मुलीच्या टेबलापाशी गेलं की हात पाठीमागे बांधायचे. बघा, विचारा, हवं तर चिडवा, पण हात लावायचा नाही. बाई स्वतःही तो पाळत. हात मागे गुंफून, मान पुढे काढून त्या टेबलाटेबलावरून फिरत, आणि त्यांची पाठ वळली की मुली तशाच चालून दाखवत.

तो नियम बाईंनी मोडला गोगलसाठी.

गोगल म्हणजे गोगलगाय. सातवीतल्या या मुलीचं बारसं शेजारच्या टेबलावरच्या टिटवीने केलं होतं. टिटवीचं तोंड बंद राहत नसे आणि गोगलचं उघडत नसे. "अगं, ती तार तुझी सासू आहे का? किती मान देतेस," असं टिटवी म्हणे. गोगल हसे आणि पुन्हा पहिल्यापासून तार गुंडाळायला घेई.

ती विजेची मोटर करत होती. एक सेल, त्याच्या दोन टोकांना उभ्या केलेल्या दोन सेफ्टी पिना, पिनांच्या छिद्रांत टेकवलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि खाली चुंबक. तारेवर रोगणाचा थर असतो. टोकांवरचा थर खरवडला की वीज आत जाते. गोगलने दोन्ही टोकं चहूबाजूंनी लख्ख खरवडली होती, आणि नेमकं तिथेच बिनसलं होतं. एक टोक अर्ध्या बाजूनेच खरवडायचं असतं. मग अर्ध्या फेरीत वीज तुटते आणि वेटोळं आपल्या वेगाने पुढे सरकतं. तसं केलं नाही तर ते एकदा उडी मारतं आणि चुंबकापुढे थरथरत उभं राहतं. गोगलचं वेटोळं कितीतरी दिवस थरथरत होतं.

बाईंना कारण पहिल्या दिवशीच दिसलं होतं. त्यांनी सांगितलं नाही. "का थांबतं, ते बघत राहा," एवढंच म्हणाल्या. गोगल बघत राहिली. तिच्याजवळ तेवढा धीर होता.

धीर सुटला तो बाईंचा. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी गोगलचे वडील फाटकापाशी भेटले. सोफ्यांना नवी कापडं चढवून देण्याचं त्यांचं दुकान होतं. माणूस मऊ बोलणारा, पण सरळ.

"बाई, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले, "पण शनिवारी दुकानात गर्दी असते. ही हाताशी असली तर बरं पडतं. उद्या बघतो काय केलंय ते. काही जमत असेल तर येऊ दे तिला. नसेल जमत तर उगाच कशाला?"

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी गोगलने शेवटचा उपाय म्हणून एकाऐवजी दोन चुंबकं एकावर एक ठेवली. मोटर फिरली नाही. मुली डबे खायला गेल्या. खोलीत बाई एकट्याच उरल्या. लेबलांवरची शाई फुटू नये म्हणून ठेवलेली बिनरंगी नेलपॉलिशची बाटली टेबलावरच होती. बाईंनी वेटोळ्याच्या एका टोकाला, अर्ध्याच बाजूला, पॉलिशचा बारीकसा हात फिरवला; रोगणासारखाच त्याचाही थर वीज अडवतो. वाळेपर्यंत फुंकर घातली. मग बाटली जागेवर ठेवून त्या उगाचच फळा पुसत राहिल्या.

गोगलने परत येऊन वेटोळं पिनांवर ठेवलं, बोटाने ढकललं, आणि ते फिरायला लागलं. फिरतच राहिलं. टिटवीसुद्धा हात पाठीमागे बांधून बघायला आली.

"दोन चुंबकं लागतात," गोगल हळूच म्हणाली. "एकाचा जोर पुरत नव्हता."

दुपारभर ती येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगत होती. वडिलांनी दोनदा ऐकून घेतलं. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, ती मोटर काचेच्या कपाटात ठेवायला लावली, खाली गोगलच्या नावाचं कार्ड. टाळ्या वाजल्या तेव्हा बाईही वाजवत होत्या. आपल्या टाळीचा आवाज त्यांना वेगळा ऐकू येत होता.

पुढच्या शनिवारी गोगल घरी केलेली मोटर घेऊन आली. आजोबांना दाखवायला केली होती. दोन चुंबकं होती. फिरत नव्हती.

"तीन लावून बघ," टिटवी म्हणाली. "नाहीतर डोक्यावर घे आणि तूच फीर."

गोगलने तीन लावली. नवा सेल आणला, नवी तार गुंडाळली. वेटोळं उडी मारून थांबत होतं. त्यानंतरच्या शनिवारीही तेच. पूर्वी ती न फिरणारं वेटोळं निरखून बघायची. आता बघतच नव्हती, नुसती चुंबकं चढवत होती. तिला उत्तर माहीत होतं ना. ते चुकीचं उत्तर तिच्या डोक्यात कोणी घातलं, हे एकट्या बाईंना माहीत होतं.

"बाई, ती कपाटातली एकदा काढून देता? दोन्ही शेजारी ठेवून बघते."

अगदी बरोबर मागणं होतं. असं कोणी मागावं म्हणून तर हा वर्ग काढला होता.

"किल्ली मोठ्या बाईंकडे असते गं," बाई म्हणाल्या. किल्ली त्यांच्याच पर्समध्ये होती.

घरी जाताना त्यांनी स्वतःला पुष्कळ समजावलं. मुलीचा शनिवार वाचला, बाप खूश आहे, आता एखादी खूण केली की ती अर्ध्या बाजूपर्यंत पोचेल. जन्मभर मुलांची कारणं ऐकलेल्या त्या बाईंना हे कारण कोणत्या जातीचं आहे ते लगेच कळलं. कुत्र्याने वही खाल्ली, तसलंच.

मग एका शनिवारी गोगल उशिरा आली. तारेचं रीळ, पिना आणि चुंबकं एका डब्यात नीट भरून तिने बाईंसमोर ठेवली.

"मी आता दुकानात जाणार आहे बाई."

"वडील म्हणाले?"

"नाही. ते तर जा म्हणतात. सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतात, माझ्या पोरीने मोटर केली." ती डब्याच्या झाकणाकडे बघत होती. "ती चुकून झाली होती. माझा हातच नाही यात. कपाटात माझं नाव बघितलं की लाज वाटते."

बाई उठल्या. किल्ली काढून त्यांनी कपाट उघडलं, मोटर आणून गोगलपुढे ठेवली, आणि भिंग दिलं.

"ती चुकून झाली नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही डबे खायला गेला होतात तेव्हा मी तिला हात लावला. किल्ली मोठ्या बाईंकडे असते, तेही खोटं सांगितलं."

गोगलला समजायला वेळ लागला. नेहमीच लागे.

"म्हणजे फिरली ती तुमची."

"हो."

"आणि मी सगळ्यांना सांगत होते, दोन चुंबकं."

"हो. मी ऐकत होते."

"का केलंत?"

"तुझं येणं बंद होईल, अशी भीती वाटली."

"मी शोधलं असतं," गोगल म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी बघत होते ना."

बाईंनी समजूत घातली नाही. एवढंच म्हणाल्या, "तुझ्या बाबांना मी स्वतः जाऊन सांगते. आजच."

"सांगा." तिने भिंग न वापरता परत सरकवलं. "पण काय केलंत ते मला सांगू नका."

डबा उचलून ती वळली. घरी की आपल्या टेबलाकडे, ते बघायला बाई थांबल्या नाहीत. त्या दुकानाकडे निघाल्या. वडिलांनी हातातला दाभण खाली ठेवून सगळं ऐकलं. "तुम्हीसुद्धा बाई?" एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या शनिवारी गोगल आली. टेबल तिने ओढून पार कोपऱ्यात नेलं होतं. बाई तिथवर गेल्या नाहीत. खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसल्या. तिथून सगळं दिसत होतं. गोगलने चुंबक एकच ठेवलं होतं. वेटोळं उडी मारत होतं, थांबत होतं, आणि ती गाल टेबलाला टेकवून नेमकं कुठे थांबतं ते बघत होती. मग तिने ब्लेडचं पातं घेतलं आणि पुन्हा दोन्ही टोकं लख्ख खरवडायला लागली. बाईंनी मान फिरवून खिडकीबाहेर बघितलं.

सहावीतली एक नवीन मुलगी स्वतःची न फिरणारी मोटर घेऊन खिडकीकडे यायला निघाली. कोपऱ्यातून गोगलचा आवाज आला, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा.

"बाईंना विचारू नकोस. त्या सांगून टाकतील."