जुलैत खाली उतरू नये

"जुलैत नदीला पूर येतो, त्याला खाली पाठवू नकोस. पार्सल वर हॉटेलातच ठेवू दे, माझा भाचा येऊन नेईल," लुओ म्हणाली होती. लुओ आमची इथली, ऑस्ट्रेलियात कालगुर्लीतली शेजारीण, हॉस्पिटलात नर्स. माझा नवरा धवल खाणीसाठी पंप बघायला तिच्या गावी, चीनमधल्या चोंगचिंगला निघाला होता. तिचे वडील तिथे घाटाच्या पायऱ्यांवरच्या घरात एकटे राहतात.

मी म्हटलं, "नो वरीज गं. वडीलधाऱ्यांचं सामान असं रिसेप्शनवर टाकून येतात होय? तो हातात देईल, नमस्कार करेल."

काल दुपारी धवलचा व्हिडिओ कॉल आला. पार्सल पोचवून तो लुओच्या वडिलांच्या दारात उभा होता.

"बघ, दोन नद्या इथेच मिळतात. पूर्वी हमाल याच पायऱ्यांवरून मीठ, रेशीम वर चढवायचे. गाव त्यावरच जगलं. आता मोटारसायकली, लॅपटॉप, गाड्या. सगळे कारखाने वर. खाली फक्त जुनी माणसं."

"आणि तू."

"तूच पाठवलंस. आता आजोबा चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत."

त्याच्या मागे, खालच्या पायरीवर एक निळी प्लास्टिकची खुर्ची होती. तो बोलत होता आणि मी खुर्चीकडे बघत होते. ती पाण्यावर डुगडुगली, फिरली, दिसेनाशी झाली.

"धवल, खुर्ची गेली."

"कुठली खुर्ची?" त्याने वळून पाहिलं. मग आवाज बदलला. "निघतो. पण आजोबांना एकट्याने पायऱ्या चढवत नाहीत गं."

स्क्रीन तिथेच अडकली. त्याचा हात आजोबांच्या काखेत.

तेव्हापासून फोन बंद आहे. तो हॉटेलात परतलेला नाही. भाचा पलीकडच्या काठावर अडकलाय, पूल बंद आहे. लुओ माझ्या स्वयंपाकघरात बसून सारखी फोन लावते. 'मी सांगितलं होतं' असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. चार वर्षांची सावनी विचारते, "आई, डिड बाबा गेट द चेअर बॅक?"

तुमचं कोणी त्या शहरात असेल, मुलगा, मैत्रीण, ऑफिसातलं कोणीही, तर त्यांना सांगा: घाटावरच्या लोकांना जिथे हलवलं असेल तिथे जा. लुओ आडनावाच्या, आधाराशिवाय न चालणाऱ्या आजोबांना शोधा. शेजारी नारिंगी जॅकेटातला एक भारतीय माणूस असेल. धवल त्यांना सोडून जाणार नाही. आजोबा ठीक आहेत का, तेवढं बघा आणि कळवा.