मापापुरता माणूस

"ते घर तेवढं पुसा," सिवर्ट म्हणाला.

विबेचा ब्रश हवेतच थांबला. "कुठलं?"

"पायथ्याला काढलंय ते. तिथे घर नाही."

"नाही हे मलाही दिसतंय. पण घर नसलं तर डोंगर केवढा, हे ड्रेस्डेनच्या माणसाला कळणार कसं? मापायला काहीतरी द्यावं लागतं त्याला."

लॉरिट्स विबे पंचविशीचा, बर्गन शहरातल्या व्यापाऱ्याचा मुलगा. जर्मनीत चित्रकला शिकून उन्हाळ्यापुरता आला होता. सकाळी धक्क्यावर त्याने सिवर्टची होडी ठरवली आणि या काठाला उतरला. सिवर्ट साठीचा. जन्मभर त्याने या खाडीत पाद्री, फौजदार, सुइणी, शवपेट्या, जे येईल ते पलीकडे पोचवलं होतं. उतारूंच्या बोलण्यात तो पडत नसे. विबे सकाळपासून एकच सांगत होता. असा डोंगर समोर आला की छाती दडपते, आपण कुणीच नाही असं वाटतं, आणि त्या वाटण्यात केवढं सुख असतं!

"घर होतं तिथे," सिवर्ट म्हणाला. "माझं. जरा उजवीकडे."

विबेने मान वळवली. सिवर्टने पाण्याची खोली सांगावी तसं सांगितलं. अकरा वर्षं झाली. फेब्रुवारी होता. तो फौजदाराला घेऊन पलीकडे गेला होता, तेवढ्यात वरचा बर्फ सुटला. घरात त्याची बायको मार्ता होती, आणि सहा वर्षांची गुरी. बर्फ वितळल्यावर, मे महिन्यात सापडल्या.

"तुम्ही पाहिलंत? बर्फ खाली येताना?" विबेने घाईने विचारलं, आणि त्या घाईची त्याला स्वतःलाच लाज वाटली.

"पाहिलं."

"कसं होतं?"

सिवर्टने बराच वेळ विचार केला. "पांढरं."

विबेने पुन्हा डोंगराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मी तेच काढलं तर? वरून सुटलेला बर्फ, खाली घर, दारात बाई उभी... लोक रडतील, सिवर्ट."

"रडतील की. मग जेवायला जातील." सिवर्टने टोपी डोक्यावर घट्ट बसवली. "तुम्हाला माप हवंय ना? मी उभा राहतो. घर काढू नका."

अकरा वर्षांत तो या काठावरून वर गेला नव्हता. आता चढला. गवत कमरेएवढं होतं आणि जोत्याच्या दगडांत खाज आणणारं तण माजलं होतं. उंबऱ्याचा दगड मात्र जागेवर होता. तो त्यावर उभा राहिला.

"चेहरा इकडे नको!" विबे खालून ओरडला. "पाठ करा माझ्याकडे! वर बघा!"

सिवर्ट वर बघत उभा राहिला. वरून पाण्याच्या दोन धारा येत होत्या. मधल्या कपारीत एक बर्चचं रोप रुजलं होतं. त्याला दडपण आलं नाही, सुखही वाटलं नाही. डावा गुडघा दुखत होता. मध्ये एकदा विबे ओरडला, "थोडं बसलात तरी चालेल!" तो बसला नाही.

दोन तासांनी तो खाली आला तेव्हा घर पुसलेलं होतं. कागदभर डोंगर आणि ढग. पायथ्याशी बार्लीच्या दाण्याएवढा काळा ठिपका.

"हा मी?"

"तुम्हीच."

"लहान काढलंय."

विबे हसला. "तेवढेच असतो हो आपण. सगळेच."

"मार्ता म्हणायची," सिवर्ट म्हणाला, "तू दारात उभा राहिलास की घरात उजेड येत नाही."

विबेने ब्रश पुसायला घेतले. सिवर्टने थैलीतून रोटी आणि वाळवलेलं मटण काढलं, अर्धं त्याला दिलं. दोघांनी खाल्लं आणि सामान होडीत भरलं.

परतताना वारा पडला होता. विबे होडीच्या मागच्या फळीवर बसला, रंगांची पेटी मांडीवर घेऊन. डोंगर त्याच्या पाठीशी राहिला. थोड्याच वेळात त्याची मान छातीवर कलली, झोप लागली. वल्ही मारणाऱ्याला तोंड मागेच ठेवावं लागतं. पलीकडचा काठ येईपर्यंत, जवळजवळ दोन तास, तो डोंगर सिवर्टच्या समोर होता.